पिंप भरले की मोकळे ठेवले? जुरातील छोट्या वायनरीची वाइन आणि तिच्यासोबतचे जेवण

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे. फ्रान्समध्ये शिकणाऱ्या आपल्या मुलीने सुट्टीत येताना आर्ब्वा गावाजवळच्या एका छोट्या वायनरीतून ‘व्हँ जोन’ ही पिवळी वाइन आणली. ती उघडल्यावर अक्रोडाचा, जुन्या लाकडाचा आणि चक्क मेथीचा वास आला, चव अगदी कोरडी आणि धारदार लागली, म्हणून ती बिघडली असावी अशी शंका आली. ती खरोखरच बिघडली आहे का, तिच्याबरोबर काय खावे, आणि पुढच्या वर्षी आपण स्वतः त्या भागात जाल तेव्हा काय चाखावे आणि काय विकत घ्यावे, हे आपल्याला जाणून घ्यायचे आहे. मी त्या परिसरातील तळघरांत काम केले आहे आणि आता रेस्टॉरंटांसाठी वाइनची निवड करतो, त्यामुळे जरा विस्ताराने लिहितो.

वाइन बिघडलेली नाही. आपल्याला आलेला वास हाच तिचा अपेक्षित वास आहे आणि तो येण्यासाठी त्या कुटुंबाने सहा वर्षांहून अधिक काळ वाट पाहिलेली आहे. जुरामधील वाइन समजून घेताना लाल की पांढरी हा प्रश्न दुय्यम ठरतो. पिंपातील वाइन बाष्पीभवनाने कमी होत असताना ते पिंप वेळोवेळी काठोकाठ भरत ठेवले की तसेच मोकळे सोडले, हे आधी विचारावे लागते. ताटात काय वाढायचे हेही बहुतांशी त्याच उत्तरावरून ठरते.

जुरा हा फ्रान्सच्या पूर्वेकडील, बर्गंडी आणि स्वित्झर्लंड यांच्यामधला डोंगराळ प्रदेश आहे. एकोणिसाव्या शतकात येथे सुमारे २०,००० हेक्टरांवर द्राक्षवेली होत्या. त्या शतकाच्या अखेरीस फिलॉक्सेरा या मुळांवर जगणाऱ्या किडीने मळे उद्ध्वस्त केले, त्यानंतर महायुद्धे आली, माणसे शहरांकडे गेली, आणि आज जेमतेम २,००० हेक्टर उरले आहेत. मळे साधारण २५० ते ४०० मीटर उंचीवरच्या उतारांवर, निळ्या-करड्या चिकण चुनमातीवर आणि चुनखडीवर पसरलेले आहेत. भूशास्त्रातील जुरासिक कालखंडाला नाव याच पर्वतावरून मिळाले. हवामान कडक आहे. २०१७ आणि २०२१ या वर्षी वसंतातील गोठवणाऱ्या दवाने कोवळे कोंब जळाले आणि अनेकांच्या हाती पिकाचा थोडासाच भाग आला. ज्या वायनरीकडे पाच-दहा हेक्टरच जमीन आहे तिला असे एक वर्ष पुढची कित्येक वर्षे जाणवते.

अशा छोट्या वायनरीतही पाच जातींची द्राक्षे असतात: पांढऱ्यांत शार्दोने आणि साव्हान्यँ, काळ्यांत पुल्सार, त्रूसो आणि पिनो न्वार. पिवळी वाइन मात्र फक्त साव्हान्यँपासूनच बनवता येते, तसा नियमच आहे. हे द्राक्ष उशिरा पिकते, साल जाड असते आणि पूर्ण पिकूनही आंबटपणा टिकवून धरते. इतकी वर्षे पिंपात काढूनही वाइन मिळमिळीत होत नाही, याचे पहिले कारण हा आंबटपणा आहे.

आता पिंपाकडे येऊ. किण्वन पूर्ण झालेली कोरडी वाइन ओकच्या सुमारे २२८ लिटरच्या जुन्या पिंपांत भरतात. जगात बहुतेक ठिकाणी लाकडातून उडून गेलेली वाइन दर काही आठवड्यांनी भरून काढतात, जेणेकरून हवेला जागा राहू नये. जुरामध्ये पिवळ्या वाइनसाठी ठेवलेल्या पिंपांना कोणी हात लावत नाही. वरची जागा हळूहळू मोकळी होते, तेथे हवा शिरते, आणि काही महिन्यांत वाइनच्या पृष्ठभागावर, दुधावर साय धरावी तसा यीस्टचा पातळ, करडा-पांढरा थर धरतो. हा थर जिवंत असतो. तो हवेतील ऑक्सिजन आणि वाइनमधील थोडे अल्कोहोल वापरून अॅसिटाल्डिहाइड तयार करतो, आणि त्याच वेळी ऑक्सिजनला वाइनपर्यंत मोकाट पोचू देत नाही. थर नसता तर त्याच पिंपात सिरका तयार झाला असता.

यीस्टला उन्हाळ्यात ऊब आणि हिवाळ्यात विश्रांती हवी असते. म्हणून पिवळ्या वाइनची पिंपे खोल, गार तळघरात न ठेवता बऱ्याचदा जमिनीच्या पातळीवरच्या किंवा माळ्यावरच्या हवेशीर खोलीत ठेवतात, जेथे ऋतूंप्रमाणे तापमान चढते-उतरते. वर्षातून साधारण दोनदा प्रत्येक पिंपातून नळीने नमुना काढून प्रयोगशाळेत तपासतात. एखाद्या पिंपात सिरक्याकडे नेणारी आम्लता वाढू लागली तर ते पिंप वेळीच बाजूला काढावे लागते. शेजारी-शेजारी ठेवलेल्या, एकाच वर्षी एकाच मळ्यातून भरलेल्या दोन पिंपांची वाटचाल वेगवेगळी होऊ शकते. मालकाला प्रत्येक पिंपाचा स्वभाव पाठ असतो आणि मोठ्या कारखान्याला जमणार नाही असे हे लक्ष छोट्या वायनरीला परवडते, असे माझे मत आहे. त्या बदल्यात त्या कुटुंबाचे भांडवल सहा-सात वर्षे पिंपांत अडकून पडते. आज बाटलीत भरली जाणारी वाइन ज्या हंगामाची आहे, त्यानंतरचे सहा हंगाम अजून रांगेत असतात.

या थराचा शास्त्रीय अभ्यासही आर्ब्वा गावाशी जोडलेला आहे. शास्त्रज्ञ लुई पाश्चर यांचा जन्म १८२२ साली जवळच्या दोल गावी झाला, पण त्यांचे बालपण आर्ब्वामध्ये गेले. १८६३ मध्ये फ्रान्सचा सम्राट तिसरा नेपोलियन याने वाइन का बिघडते हे शोधण्याचे काम त्यांच्यावर सोपवल्यावर त्यांनी आर्ब्वामध्येच प्रयोग केले, आणि पुढे गावाजवळ एक द्राक्षमळाही विकत घेतला. त्यांचे घर आज पाहता येते. आपण तेथे जाल तेव्हा ते चुकवू नये.

नियमानुसार पिवळी वाइन तोडणीनंतरच्या सहाव्या वर्षाच्या १५ डिसेंबरपर्यंत पिंपात ठेवावी लागते आणि त्यातले किमान ६० महिने तिने थराखाली काढलेले असावे लागतात. तिची आखूड, रुंद खांद्यांची बाटली ‘क्लाव्हलँ’ म्हणून ओळखली जाते आणि तिच्यात ६२ सेंटिलिटर वाइन मावते. एक लिटर वाइनपैकी एवढीच उरते म्हणून बाटलीही एवढीच, असे प्रत्येक वायनरीत सांगतात. प्रत्यक्षात घट त्या-त्या खोलीच्या कोरडेपणावर अवलंबून असते, पण तिसऱ्या हिश्श्याच्या आसपास वाइन उडून जाते हे खरे आहे, आणि किंमत जास्त का असते याचे उत्तरही त्यातच आहे.

आपल्याला आलेला मेथीचा वास हा भास नव्हता. थराखाली अनेक वर्षे राहिलेल्या वाइनमध्ये सोटोलॉन नावाचे संयुग सावकाश तयार होते आणि मेथीदाण्यांचा ओळखीचा वास प्रामुख्याने याच संयुगामुळे येतो. अत्यल्प प्रमाणातही ते नाकाला जाणवते. युरोपीय चाखणारे या वासाचे वर्णन ‘करी’ किंवा अक्रोड असे करतात. मेथीच्या फोडणीवर वाढलेल्या माणसाला मात्र तो थेट ओळखता येतो, आणि म्हणूनच मराठी घरातील माणसाने या वाइनपुढे बिचकण्याचे काहीच कारण नाही.

याच पद्धतीची सर्वांत मानाची वाइन शातो-शालों या टेकडीवरच्या गावाची. त्या नावाखाली पिवळ्या वाइनशिवाय दुसरे काहीही विकता येत नाही आणि तोडणीपूर्वी एक समिती मळ्यांत फिरून द्राक्षांची पाहणी करते. १९७४, १९८०, १९८४ आणि २००१ या वर्षी पीक त्या नावाला साजेसे नाही असे ठरवून शातो-शालों काढलीच गेली नाही. हाती आलेले पीक साध्या नावाने विकून उत्पन्नावर पाणी सोडणारी ही माणसे मला फार आदरणीय वाटतात.

जेवणाचा विचार करताना प्रथम काँते चीज घ्यावे, कारण ते आणि पिवळी वाइन एकाच डोंगरावर वाढलेले आहेत. काँते माँबेल्यार्द आणि सिमेंताल या गायींच्या कच्च्या दुधापासून गावोगावच्या सहकारी चीजघरांत बनते. सुमारे ४० किलोच्या एका चाकासाठी साधारण ४०० लिटर दूध लागते, म्हणजे एकट्या शेतकऱ्याच्या आवाक्याबाहेरचे काम. सहकाराची सवय या भागात शतकानुशतके आहे ती त्यामुळेच. आर्ब्वातील द्राक्ष उत्पादकांनी १९०६ मध्ये सहकारी वायनरी उभारली, तीही त्याच वळणाने. महाराष्ट्रात सहकारी दूध संघ पाहिलेल्या वाचकाला हे समजावून सांगावे लागणार नाही. काँते किमान चार महिने मुरवावे लागते, पण पिवळ्या वाइनसाठी दीड ते दोन वर्षे मुरलेला तुकडा मागावा. चार-सहा महिन्यांचे काँते दुधाळ आणि गोडसर असते आणि वाइनपुढे पार हरवते. जुन्या काँतेमध्ये भाजलेल्या सुक्या मेव्याची, खमंग लोण्याची चव येते, दाताखाली बारीक कण लागतात, आणि त्यातले मीठ व चरबी वाइनची धार बोथट करतात. सोबत दोन अक्रोड आणि साधा पाव पुरेसा आहे. आपल्याकडे काँते नसेल तर चांगले मुरलेले कोणतेही कडक चीज चालेल, पण प्रक्रिया केलेले चीज मुळीच घेऊ नये.

दुसरी जोडी म्हणजे कोंबडी, गुच्छी (एक रानटी अळंबी) आणि पिवळी वाइन. शेजारच्या ब्रेस प्रदेशातील पांढऱ्या पिसांची, निळ्या पायांची कोंबडी लोण्यात फार तांबूस न करता परततात, भिजवलेल्या सुक्या गुच्छी आणि त्यांचे गाळलेले पाणी घालतात, वाइन ओततात आणि शेवटी साय घालून रस्सा दाट करतात. येथे एक सूचना करावीशी वाटते. संपूर्ण बाटली पातेल्यात ओतून तासभर उकळणे ही उधळपट्टी आहे, कारण ज्या सुगंधासाठी सहा वर्षे गेली त्यातला बराच उडून जातो. शिजवण्यासाठी थराखाली दोन-तीन वर्षेच राहिलेली स्वस्त साव्हान्यँ वापरावी, आणि आच बंद करण्याच्या क्षणी पिवळ्या वाइनचे दोन-तीन चमचे घालावेत. अनेक जाणते स्वयंपाकी असेच करतात. नदीतील ट्राउट मासाही याच रश्शात करतात, आणि शाकाहारी माणसाने कोंबडी वगळून फक्त गुच्छी किंवा साध्या अळंब्या साईत शिजवून भाजलेल्या पावावर घातल्या तर जोडीला काहीही उणे येत नाही.

काठोकाठ भरत ठेवलेल्या पिंपांतील पांढऱ्या वाइन अगदी निराळ्या असतात. त्यांच्या बाटलीवर बहुधा ‘उइये’ असे लिहिलेले असते. शार्दोने अशा रीतीने केली की तिच्यात सफरचंद, लिंबाची साल आणि चुनखडीचा करकरीतपणा येतो. साव्हान्यँमध्ये त्याहून अधिक धार आणि संत्र्याच्या सालीची झाक असते. या वाइन ताज्या माशाला, कोवळ्या काँतेला आणि हिवाळ्यातील माँ दोर या चीजला शोभतात. माँ दोर स्प्रूस या झाडाच्या सालीच्या पट्टीत बांधून लाकडी डबीत विकतात. मधोमध खळगा करून त्यात थोडी पांढरी वाइन ओततात, डबीसकट भट्टीत ठेवतात आणि वितळलेले चीज उकडलेल्या बटाट्यांवर घालून खातात. शार्दोने येथे पिवळ्या वाइनपेक्षा सरस ठरते, कारण वितळलेल्या चीजच्या दाटपणाला ताजेपणा हवा असतो, आणखी एक गडद चव नको असते. बाटलीवर काहीच खुलासा नसेल तर वायनरीत सरळ विचारावे. या प्रश्नाने आपल्याला या विषयात गती आहे हे समोरच्याला लगेच कळते आणि गप्पांचा सूर बदलतो.

जुरामध्ये चाखताना लाल वाइन आधी देतात आणि पांढऱ्या नंतर. हा क्रम पाहून गोंधळून जाऊ नये. येथील लाल वाइन हलक्या असतात आणि थराखालच्या पांढऱ्या वाइननंतर त्या घेतल्या तर पाण्यासारख्या लागतील. पुल्सारची साल इतकी पातळ असते की तिची वाइन फिकट लाल, काही वेळा गुलाबीच दिसते. ती थोडी गार, १३–१४ अंशांवर द्यावी. मोर्तो हे धुरावलेले सॉसेज आणि बटाटे ही तिची नेहमीची साथ. त्रूसोला अधिक ऊन आणि खडीची जमीन लागते. तिच्यात मिरीची आणि काळ्या चेरीची चव असते, आणि रानपक्ष्याच्या किंवा मेंढीच्या मटणाला ती पुरून उरते. पिनो न्वार बर्गंडीतून आलेली आहे आणि तेथेच अधिक चांगली होते असे मी मानतो, त्यामुळे तिच्यावर वेळ घालवत नाही.

वाळवलेल्या द्राक्षांची गोड ‘व्हँ द पाय’ ही छोट्या बाटलीत मिळते. द्राक्षे किमान सहा आठवडे जाळ्यांवर किंवा पेट्यांत सुकवून मग पिळतात, त्यामुळे रस अगदी थोडा निघतो. निळ्या बुरशीचे ब्लू द झेक्स चीज आणि सुकी जर्दाळू तिला उत्तम. ‘माकव्हँ’ हे द्राक्षांचा न आंबवलेला रस आणि चोथ्यापासून काढलेली ब्रँडी यांचे मिश्रण आहे. ते गार करून जेवणाआधी घेतात. फेसाळ ‘क्रेमाँ’ स्वस्त आणि मस्त असते, आणि कोथिंबीर वडी किंवा कांदाभजी यांच्याबरोबर मी तिचीच शिफारस करीन, कारण तळणाचा तेलकटपणा बुडबुडे आणि आंबटपणा यांनी चटकन धुतला जातो.

आपल्या स्वयंपाकाबरोबर पिवळी वाइन कशी जुळेल, हे आपण विचारलेले नाही, परंतु बाटली सध्या महाराष्ट्रात उघडलेली असल्याने सांगणे आवश्यक वाटते. कोल्हापुरी पांढरा रस्सा ही माझी पहिली पसंती आहे. नारळाचे दूध, काजू, खसखस आणि कोंबडीचा किंवा मटणाचा अर्क यांत तीच स्निग्धता आहे जी जुरामध्ये सायीमुळे येते, आणि खड्या मसाल्यांचा मंद सुगंध वाइनला झाकत नाही. हिरवी मिरची मात्र हात राखून घालावी, कारण १४–१५ टक्के अल्कोहोल असलेल्या वाइनबरोबर तिखट दुप्पट झोंबते. तांबड्या रश्शाबरोबर ही बाटली उघडूच नये. दुसरी पसंती कोकण-गोव्यातील बांगड्याच्या उडदमेथीची. भाजलेले उडीद, मेथीदाणे आणि नारळ यांच्या वाटणात मेथी असतेच, त्यामुळे वाइनमधला आणि ताटातला वास एकमेकांत मिसळतात. चिंच मात्र निम्मी करावी, अन्यथा दोन आंबट चवींची टक्कर होते. शाकाहारी घरी अळंबीचे नारळाच्या दुधातले सौम्य कालवण चालेल, सोबत साधा भात. पुरणपोळी किंवा श्रीखंडाबरोबर ती देऊ नये; गोड पदार्थापुढे कोरडी वाइन केवळ आंबट लागते. व्हँ द पायसुद्धा पुरणपोळीइतकी गोड नसते, त्यामुळे तीही खारवलेल्या काजू-बदामांबरोबरच घ्यावी.

आपण ती बाटली फ्रिजमधून काढून लगेच ओतली असावी असा माझा अंदाज आहे. गार केल्याने सुगंध दबतो आणि धार तेवढी पुढे येते. ती १४ ते १६ अंशांवर असावी आणि काही तास आधी, शक्य तर आदल्या संध्याकाळी, उघडून ठेवावी. उरलेली वाइन टाकून देऊ नये. हवेच्या सहवासातच तयार झालेली असल्याने उघडलेली बाटली बूच लावून थंड जागी ठेवली तर दोन-तीन आठवडे सहज टिकते, आणि बऱ्याचदा तिसऱ्या-चौथ्या दिवशी पहिल्या दिवसापेक्षा चांगली लागते. न उघडलेली बाटली पन्नास वर्षे ठेवता येते. १७७४ च्या हंगामाची एक बाटली २०१८ मध्ये लिलावात एक लाख युरोंहून अधिक किमतीला विकली गेली.

भेटीसाठी छोट्या वायनरीला आधी दूरध्वनी किंवा ईमेल करून वेळ घ्यावी. मालक स्वतःच मळ्यात, पिंपांपाशी आणि दारात असतो. सप्टेंबरात तोडणीमुळे त्याला उसंत नसते, तरीही त्या महिन्याच्या पहिल्या रविवारी आर्ब्वात असाल तर बियू हा उत्सव पाहावा: नव्या द्राक्षांचे घोस बांधून केलेला सुमारे शंभर किलोचा एक प्रचंड घड मिरवत सँ झ्युस्त या चर्चमध्ये नेऊन टांगतात. पिवळ्या वाइनचे पिंप फोडण्याचा सोहळा फेब्रुवारीच्या सुरुवातीला होतो, पण त्यात हजारोंची गर्दी असते आणि निवांतपणे बोलायला कोणी सापडत नाही. शांतपणे चाखायचे असेल तर मे-जून किंवा ऑक्टोबरचा शेवट निवडावा.

भारतात येताना एका प्रवाशाला दोन लिटर मद्य शुल्काविना आणता येते. ६२ सेंटिलिटरच्या तीन बाटल्या १.८६ लिटर होतात, म्हणजे तिन्ही बसतात. तिन्ही पिवळ्या वाइनच्याच घेऊ नयेत. एक क्लाव्हलँ, एक उइये साव्हान्यँ आणि व्हँ द पायची अर्धी बाटली घेतली तर हिशेब १.७५ लिटरच्या आसपास येतो, आणि त्याच द्राक्षाचे भरलेल्या आणि मोकळ्या पिंपातले रूप एकाच संध्याकाळी शेजारी-शेजारी ठेवून चाखता येते.